नदीकडचा आडवा पाइप

टॅलो क्रीक
शनिवार, १४ जून, संध्याकाळ

प्रिय डेसमंड,

आज, शनिवार, चौदा जून, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर ‘कधी, कुठे, मला काय माहीत’ करायला तुला जागा उरणार नाही.

तू बरा असशील. व्हॅलचा गुडघा बरा असेल. मीही बरी आहे. झाले नमस्कार-चमत्कार.

आता सांग, आमच्या गोलच्या खांबांना आडवा पाइप वेल्ड करायचा अधिकार तुला कोणी दिला?

मी साडेसहापासून जत्रेच्या मैदानावर होते. टेकडीकडच्या खांबांखाली उभी राहून मुलींचे शर्ट वाटत होते. पिना झानेट्टी हाताला प्लास्टर आहे म्हणून खेळणार नव्हती, पण आली होती. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मिस, वर बघा.”

“वर काय आहे?”

“पाइप आहे. दोन्ही खांबांच्या मध्ये. पांढरा रंग दिलेला.”

“सकाळी सकाळी थट्टा नको, पिना.”

“थट्टा नाही, मिस. नदीकडच्या टोकालाही आहे. तिथला तर अजून ओला आहे, रूबीच्या हाताला लागला.”

दहा वाजता अकादमीची माणसं केर्न्सहून येणार होती. डेसमंड, या गावात ती माणसं आजवर आली नव्हती. पत्रं लिहून लिहून माझी बोटं झिजली तेव्हा कुठे त्यांनी एक शनिवार दिला. एक सामना बघणार, एक किंवा दोन मुली निवडणार. निवडलेल्या मुलीला दर शनिवारी केर्न्सला शिकवणार, पुढे राज्याच्या संघाचा रस्ता तिथूनच जातो. आमच्यातली सगळ्यांत वर जाणारी मुलगी कोण, हे मी तुला सांगायला नको. ती तुझी नात आहे, आणि माझ्या सख्ख्या भावाची नात म्हणून माझीही. ऊनासाठी हा एकच शनिवार होता, आणि तू त्याच्या छाताडावर पाइप ठेवलास.

तुला हा खेळ माहीत नाही, म्हणून सांगते. ऑसी रूल्समध्ये प्रत्येक टोकाला चार खांब असतात. सरळ, सुटे, आभाळाकडे गेलेले. मधल्या दोघांतून बॉल किक मारून गेला की सहा गुण. बाजूच्या फटींतून गेला की एक. वरून, खालून, घासत, टप्पा खात, कसाही जाऊ दे. आडवं काही नसतं. आडवं असतं ते तुझ्या रग्बीत. तिथे पाइपावरून बॉल गेला की तुम्ही मोठे लोक टोप्या उडवता. आमच्या मुली खांबांच्या तोंडाशी एकमेकींच्या खांद्यावर गुडघा टेकून वर झेपावतात. वर दहा फुटांवर लोखंड ठेवलंस तर त्यांनी डोकी कुठे ठेवायची?

पंच म्हणजे बावीस वर्षांचं पोर, वरच्या खिशात नियमांचं पुस्तक. त्याने वर बघितलं आणि रंग उडाल्यासारखा उभा राहिला. “मॅडम, असा सामना मला घेता येणार नाही.”

तुला फोन केला. चार वेळा. बंद. मग पिनाच्या बापाला केला. साल्व्हो झानेट्टी साखर कारखान्यातली पहिली पाळी सोडून शिडी आणि हातातलं कटर घेऊन आला. वर चढला, पाइपावर बोट फिरवलं आणि वरूनच ओरडला, “मिस, हे डेसचं काम! गावात दुसऱ्या कोणाची शिवण इतकी सरळ येत नाही. कापायला जीव होत नाही!”

“कापा!” मी म्हटलं.

अशी तुझी ओळख पटली. वेल्डिंग उत्तम होतं, हे मी मान्य करते. इतकं उत्तम, की टेकडीकडचा पाइप खाली येईपर्यंत कटरची बॅटरी संपली. दुसरी बॅटरी कारखान्यात चार्जिंगला. आणि फाटकातून अकादमीची गाडी आत येत होती.

आता नीट वाच, कारण इथून पुढचं मी रागाने लिहीत नाही.

अकादमीतून आलेल्या त्या ट्रेंबाथबाई. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात काही कागदबिगद नाही. मी त्यांना म्हटलं, “एकच टोक चालू आहे. आम्ही एका टोकावर खेळू.”

पंच म्हणाला, “पुस्तकात असं काही नाही, मॅडम.”

“पुस्तकात आडवा पाइपही नाही,” मी म्हटलं.

तुला सिस्टर बेनेडिक्टा आठवते? व्हिक्टोरियाहून आलेली, भूमितीची. कॉन्व्हेंटच्या मागच्या कुरणात ती आम्हाला हा खेळ शिकवायची, मदर सुपिरियर दुपारी झोपल्यावर. झग्याला चार सेफ्टी पिना लावून ती अशी किक मारायची की बॉल आंब्यावरून जायचा. “टाकू नका गं, पायावर ठेवा,” म्हणायची. तिथे खांब म्हणजे कपडे वाळत घालायचे दोन डांब, एकाच बाजूला. म्हणून नियम असा होता: बॉल हिसकावला की आधी तो मधल्या रेषेपलीकडे न्यायचा, मगच वळून हल्ला करायचा. दोन्ही संघ एकाच गोलवर.

हे सगळं मी त्यांना तिथे उभ्या उभ्या सांगितलं. ट्रेंबाथबाई म्हणाल्या, “खेळू द्या. मला मुली बघायच्यात, गुणफलक नाही.”

डेस, काय खेळल्या! किनाऱ्यावरचा संघ वयाने मोठा, अंगाने मोठा, आणि त्यांना हा कुरणातला नियम पहिली पंधरा मिनिटं कळलाच नाही. आमच्या मुलींना कळला, कारण सरावाला पोरी कमी आल्या की मी त्यांना असंच खेळवते. ऊना एकदा हल्ल्यात, लगेच दुसऱ्या मिनिटाला त्याच गोलच्या तोंडाशी बचावात. साध्या सामन्यात मुलगी एका कोपऱ्यात अडकते, निम्मा वेळ शेपूट धरून उभी. आज तिला श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि तिला श्वास नकोच होता.

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात ती वर गेली. पिना माझ्या शेजारी उभी राहून बडबडत होती, तिला सवयच आहे. “उडाली, मिस. त्या मोठीच्या पाठीवर गुडघा. वर आहे. मिस, अजून वर आहे! अजून! बॉल हातात! आली खाली, उभीच!” (हा फाउल नाही. आधीच सांगते, कारण तू ओरडला असतास.) मग मैदान गप्प झालं, आणि त्या शांततेत तिच्या डाव्या पायाचा आवाज आला. ठप्प नव्हे, टण्ण. मधोमध बसलेल्या किकचा आवाज वेगळा असतो. खांबांमागे बॉल पडायच्या आधीच मी हात वर केले होते.

सामना संपल्यावर ट्रेंबाथबाई माझ्याशी हात मिळवून म्हणाल्या, “बुधवारपर्यंत कळवते.” बाकी एक शब्द नाही. तेव्हापासून मी घरात फेऱ्या मारते आहे.

निवड झाली तर दर शनिवारी तिला केर्न्सला न्यावं लागेल. तिचा बाप, म्हणजे तुझा लेक, खाणीवर तीन आठवडे असतो आणि एक आठवडा घरी झोपून काढतो. आईच्या दवाखान्यातल्या शनिवारच्या पाळ्या. ते बघते मी, असं मी तिच्या आईला सांगितलं आहे. तो तुझा प्रश्न नाही.

तुझा प्रश्न एवढाच: हे का केलंस? दोन नाताळांपूर्वी कोळंबी सोलता सोलता तू आमच्या खेळाला हवेतलं पिंगपाँग म्हणालास, आणि मी तुझी नात पळवली असं म्हणालास. त्यानंतर आपण बोललो नाही. रविवारी चर्चमध्ये ‘शांती लाभो’ म्हणत एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ आली की तू मागच्या बाकाकडे वळतोस. ते मी सोसलं. पण माझ्याशी भांडण असेल तर माझ्या दारावर पाइप वेल्ड कर. पोरीच्या गोलवर नको.

हे पत्र ऊनाच्या हाती देते आहे. पोस्टात टाकलं तर केर्न्सला जाऊन परत गावात यायला चार दिवस. मी पोस्टाच्या खिडकीवर होते तेव्हा हे चालू दिलं नसतं.

लेखी माफी हवी. बुधवारपर्यंत.

नोरीन कॅफर्टी


टॅलो क्रीक
गुरुवार, १९ जून, दुपार

डेसमंड,

बुधवार गेला. माफी नाही. ते नंतर.

झाली! ऊनाची निवड झाली! काल चार वाजता फोन आला, मी चहाचा कप हातात घेऊन होते, तो कुठे ठेवला ते अजून सापडलेलं नाही. ट्रेंबाथबाई म्हणाल्या, “दोन्ही बाजूंनी खेळणारी मुलगी आम्हाला एका सकाळीत कधी बघायला मिळत नाही. ती एका टोकाची युक्ती आम्ही उचलणार आहोत. हरकत नाही ना?” मी म्हटलं, हरकत आहे की नाही ते सिस्टर बेनेडिक्टाला विचारा, ती वर आहे.

ऊनाला मी शाळेच्या फाटकावर सांगितलं. ती ओरडली नाही, काही नाही. बॅग खाली ठेवली, मला उचललं आणि गोल फिरवलं. मला, त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला, शाळेच्या बससमोर! बसमधल्या पोरांनी खिडक्या बडवल्या. गेली आठ वर्षं लोक मला विचारत आलेत, बाई, रग्बीच्या गावात हे कशाला? कोण खेळणार? सहा मुली आणि एका ननचा फाटका बॉल घेऊन मी सुरुवात केली. काल बेकरीत विन्स कुलीने माझ्याकडून खिमा भरलेल्या पेस्ट्रीचे पैसे घेतले नाहीत. विन्स कुली, तुझ्या रग्बी क्लबचा खजिनदार! मी ती तिथेच उभ्याने खाल्ली, बोटं चाटून.

आता तुझं.

काल संध्याकाळी व्हॅल आली. भोपळ्याचे स्कोन घेऊन. व्हॅल स्कोन घेऊन आली की तू काहीतरी केलेलं असतं, हे मला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे. बसली, चहा घेतला, गुडघ्याबद्दल सांगितलं, आणि मग म्हणाली, “नोरीन, तो तुमचा सामना पाडायला गेला नव्हता गं.”

“मग काय करायला गेला होता? चांदण्या लटकवायला?”

“ऊना जेवताना म्हणाली, शनिवारी केर्न्सची माणसं येणारेत, मैदान नीट दिसायला हवं. हा शुक्रवारी दुपारी बघायला गेला. परत आला तो चिडून. म्हणाला, ‘नगरपालिकेने पोरीचे खांब अर्धेच करून सोडलेत. आडवा पाइप घालायचे पैसे वाचवले. माझी नात अशा भिकार खांबांवर खेळणार?’ गॅरेजमधला चांगला पाइप काढला, जो त्याने गाडीच्या शेडसाठी ठेवला होता. रंगही दिला. येताना शिट्टी वाजवत होता. आणि शनिवारी सकाळी रेडिओवर रग्बी लावून बसला होता, फोन बंद करून, ‘आता बघ नोरीला काय वाटतं’ म्हणत.”

मी स्कोनला लोणी लावत राहिले.

मग आधी हसू आलं. व्हॅल घाबरली, इतकी मी हसले. सबंध क्वीन्सलंडमध्ये तूच एक असा असशील, ज्याने सरळ खांब बघून ‘अरेरे, राहून गेलं’ म्हटलं असेल. मी मुलींना सांगितलं तेव्हा रूबी जमिनीवर लोळली. पिना म्हणाली, “मिस, निदान त्याने जाळी तरी नाही लावली.”

आणि मग राग आला, डेस. आधीपेक्षा जास्त. मुद्दाम केलं असतंस तर मला परवडलं असतं. वाकडं करायलासुद्धा माणसाला खेळ माहीत असावा लागतो. ऊना तीन वर्षं त्या मैदानावर खेळते आहे. तुझ्या क्लबच्या दारूच्या टेबलावरून ते मैदान दिसतं. तीन वर्षांत एकदाही, रस्त्याने जाताना गाडी हळू करूनसुद्धा, तू तिकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर खांब सरळ असतात हे तुला कळलं असतं. तो पाइप म्हणजे तू पाहिलं नाहीस याची पावती आहे, पांढरा रंग दिलेली.

आता माझ्याबद्दल व्हॅल काय म्हणाली, तेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील नोरीने लपवलं. ती म्हणाली, “शुक्रवारी संध्याकाळी तू मैदानावरून बॉलची पोती घेऊन गेलीस. चांगला उजेड होता. तो टेकडीकडच्या शिडीवर होता, त्याने तुला हात केला. तू सरळ त्याच्याकडे बघितलंस आणि निघून गेलीस. घरी आल्यावर म्हणाला, तिने बघितलं, काही बोलली नाही, म्हणजे चालतंय. मग थोड्या वेळाने म्हणाला, की अजूनही मला हात करत नाही.”

मी घाईत होते.

स्कोन चांगले होते. पहिला सराव शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, केर्न्सला सकाळी आठ वाजता. इथून साडेपाचला निघावं लागेल. बघते मी.

माफीची मुदत रविवारपर्यंत वाढवते. आनंदाचा आठवडा आहे म्हणून.

नोरीन


टॅलो क्रीक
मंगळवार, २४ जून

प्रिय डेस,

परवा चर्चमध्ये शांतीच्या वेळी कोणीतरी माझा हात धरला आणि पटकन सोडला. कारखान्याच्या साबणाचा वास होता, आणि अंगठ्याच्या नखाशी ती जुनी भाजल्याची खूण, पण ते मला हात सुटल्यावर उमगलं. तू तिसऱ्या बाकावरून उठून माझ्यापर्यंत आलास, दोन वर्षांनी. आणि मी मान वळवून “तुम्हाला शांती लाभो, फादर” म्हणाले.

मागच्या बाकावरच्या बायका हसल्या म्हणे. ऊना हसली नाही. ती मला घरापर्यंत सोडायला आली आणि पायरीवर म्हणाली, “नोरीआत्या, आजोबांचे डोळे लाल झाले होते. तुम्ही मुद्दाम नाही ना केलं?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग?”

ती पंधरा वर्षांची आहे, डेस, आणि बॉल कुठे पडणार हे पडायच्या आधी तिला कळतं. माझ्याकडे बघत राहिली. मग आत येऊन माझ्या टेबलावरचं हे पेन उचलून म्हणाली, “हे तर भाजीच्या खोक्यांवर भाव लिहायचं पेन आहे. तुम्ही आजोबांना यानेच पत्रं लिहिलीत? एका पानावर पाच ओळी?”

आता तुझ्याशी सरळ बोलते. तुझ्या हातात तीच पाच ओळींची पानं आहेत. नोरी म्हातारपणी ओरडून लिहायला लागली, असं वाटलं असेल तुला. मी ओरडत नव्हते.

दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धूर साचला आहे. कडेचं दिसतं: गवत, रांगेतली खुर्ची, शेजारून जाणारी मुलगी. ज्याच्याकडे मी बघते, नेमकं तेच दिसत नाही. टाउन्सव्हिलच्या डॉक्टरने सांगितलं की परत येणार नाही, फक्त हळूहळू जाईल. मे महिन्यात लायसन्स जमा केलं. गाडी शेडमध्ये आहे; मी रोज सकाळी ती सुरू करते, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये.

शुक्रवारी तू शिडीवर होतास, म्हणजे माझ्या अगदी समोर, मधोमध. जरा बाजूला उभा असतास तर दिसला असतास. मी तुझ्याकडे बघितलं, हे व्हॅल खरं बोलली. पण मी तुला पाहिलं नाही, डेस. पाहिलं असतं तर तुझ्यावर इतक्या जोरात ओरडले असते की तू पाइपसकट खाली आला असतास, आणि दोन वर्षं तिथेच संपली असती.

शनिवारचा तो उंच झेल मी पिनाच्या तोंडून बघितला. किक कानाने बघितली. सहा महिने मी अशीच शिकवते आहे आणि मुलींना पत्ता नाही. त्यांना वाटतं मिस आता कडक झाल्या, प्रत्येकीला ‘काय केलंस ते मोठ्याने सांग’ म्हणतात. त्यामुळे त्या जास्त चांगल्या खेळायला लागल्या, ही गंमत. बोलणारा संघ हरत नाही. हे मला डोळे असताना सुचलं नव्हतं.

म्हणून ‘बघते मी’ हे खोटं होतं. केर्न्सचा रस्ता मला बघता येणार नाही. आणि शनिवारी सकाळी साडेपाचला ऊना बॅग घेऊन फाटकाशी उभी राहील, कारण मी तिला तसं सांगितलं आहे. पहिल्या सरावाला आली नाही तर तिची जागा पुढच्या मुलीला जाते; ट्रेंबाथबाईंनी ते गोड शब्दांत पण दोनदा सांगितलं.

तर ऐक, मला काय हवं ते.

गाडी तू चालवायचीस. तुझी नको, माझी. तुझ्या गाडीला माशांचा वास येतो. ऊना मागे झोपेल, मी तुझ्या शेजारी बसेन आणि दोन तास तुझ्या चालवण्यावर बोलेन, त्याची तयारी ठेव. केर्न्सला पोचलो की तू माझ्याबरोबर मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभं राहायचं. क्लबहाउसमध्ये नाही, गाडीत रेडिओ लावून नाही. दोरीपाशी. तुला खेळ कळत नाही याची काळजी करू नको. कुठे काय दिसतं ते तू सांगायचं, ते काय झालं ते मी सांगेन. ‘ती निळी पोर पडली’ एवढं म्हणालास तरी मला पुरे. दोघं मिळून एक प्रेक्षक होऊ. तीन शनिवारांत तू शिकशील. पाचव्या शनिवारी तू पंचावर ओरडशील, मला माहीत आहे.

तिला आभाळात गेलेली बघ, डेस. पिना म्हणते, वर गेली की ती क्षणभर तिथे थांबते, जणू वर कोणी खुर्ची ठेवली आहे. मी ते शेवटचं नीट बघितलं होतं दोन वर्षांपूर्वी, तेव्हा ती एवढी उंच जात नव्हती. आता जाते. आपल्या घरातल्या कोणीतरी ते डोळ्यांनी बघायला हवं.

आणि नदीकडचा पाइप अजून तसाच आहे. साल्व्हो पुन्हा कापायला तयार होता, मी नको म्हटलं. पुढचा सामना पाच जुलैला. त्याआधी तो तू काप. तुझाच आहे, शेडला लाव. ऊना शिडी धरेल. मी खाली उभी राहून ‘जरा डावीकडे’ म्हणेन, काही न दिसता.

माफीचं राहू दे. तुझी मी मागितली, माझी तू मागशील, आणि जुलै उजाडेल. मला फक्त एक उत्तर हवं, शनिवारी नेणार की नाही. शुक्रवार, सत्तावीस जून, संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या दारावरच्या पेटीत. पाचनंतर मला पिनाच्या बापाकडे जाऊन हात जोडावे लागतील, आणि तो उसाच्या ट्रकने नेईल. व्हॅलबरोबर निरोप चालणार नाही, फोन चालणार नाही. मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसले. माणसं तोंडी काय काय कबूल करतात ते मी ऐकलं आहे. लेखी हवं, तुझ्या हाताने.

जाड काळ्या पेनने लिही. मोठं लिही. पानावर एकच शब्द मावला तरी चालेल, पेटीपाशी उभी राहून मी तो बाजूने वाचेन.

शुक्रवारी तुला हात करायचा राहून गेलेली,
तुझी नोरी